शिमग्यापर्यंत दोनच

दापोली तालुक्यातून आलेलं पत्र, जरा आटपून देते:

"माई, माझं वय ४४. समुद्र हाकेच्या अंतरावर, घरची थोडी कलमं आणि पर्यटकांसाठी घरगुती खानावळ. नाताळ ते ३१ डिसेंबर मी चुलीपुढून हलत नाही. १ जानेवारीला दुपारी हात मोकळे झाले की ट्रंक उघडते आणि ठरवते, यंदा यातलं विणकाम पुरं केल्याशिवाय नवी लोकर आणायची नाही. ट्रंकेत काय आहे ते सांगते. एक हिरवा मफलर, तीन फुटांवर अडलेला, कारण लोकर संपली आणि नंतर आणली ती रंगात जरा वेगळी निघाली. यजमानांच्या मोज्यांपैकी एक मोजा. भाच्यासाठी घेतलेला स्वेटर, त्याची पाठ आणि पुढचा भाग झालाय; भाचा आता नववीत आहे. टेबलक्लॉथचे क्रोशाचे चौकोन, ४८ हवे होते, ३१ झालेत. आणि सासूबाईंची शाल. त्या दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेल्या. शाल दीड हात झालीय, त्यांच्या सुया अजून तशाच आत आहेत. मला धीर होत नाही. शिवाय त्यांचा हात घट्ट, माझा सैल. आता नणंदेची मुलगी फेब्रुवारीअखेर मनालीला चाललीय, तिला मामीच्या हातची टोपी आणि मफलर हवाय. जुनं पडलेलं असताना नवीन घेऊ का? यजमान म्हणतात, कोकणात लोकर घालतं कोण! दर वर्षी संकल्प मोडतो आणि माझी मलाच लाज वाटते. – ट्रंकवाली"

अगो ट्रंकवाली,

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी धाकटी बहीणसुद्धा तुझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे.

आधी एक काम सांगते, बाकीचं पत्र उद्या वाचलंस तरी चालेल. आज रात्री जेवणं आटपली की सासूबाईंच्या शालीतल्या सुया काढ. शाल पुरी करायची की नाही हे ठरवायला तुला वर्ष लागो, दोन लागोत, पण सुया आजच निघाल्या पाहिजेत. त्यांच्या वेळच्या सुया बहुतेक पोलादी असणार, आणि आपली हवा कशी आहे ते तुझ्या खिडकीचे गज बघितलेस तरी कळेल. दोन पावसाळे गेलेत त्यांच्यावरून. मी एकदा पिवळं टोपडं सुईसकट कपाटात टाकलं होतं, गणपतीला बाहेर काढलं तर बरोबर सुईच्या रेषेवर तांबूस पट्टा. लिंबू लावलं. गंज गेला नाही, पिवळा रंग तेवढा गेला. अॅल्युमिनियमच्या असतील तर तांबूस डाग पडणार नाही, पण खारट हवेत त्यांच्यावरही पांढुरकी पूड धरते आणि टाके सरकेनासे होतात. वर, सुईवर वर्षानुवर्षं बसलेली ओळ ताणून राहते, ती नंतर धुऊनही धड बसत नाही.

कसं करायचं? गोधडीचा सुती दोरा घे, शालीच्या रंगाहून अगदी वेगळा. लोकर घेऊ नकोस, तिचे तंतू टाक्यांत अडकतात. स्वेटर शिवायची बोथट सुई घे, दाभण नको, दाभण दोरा फाडतं. शाल पलंगावर सपाट पसर. सुईच्या टोकाकडचा पहिला टाका, मग दुसरा, असे एकेक टाके दोऱ्यात ओवत जा, टाका पिळू द्यायचा नाही. सगळे आले की मग विणायची सुई ओढ. सुई अडली तर ओढाताण करू नकोस, जागच्या जागी हळू फिरव. त्या ओळीवर डाग असेल तर एक-दोन ओळी उसवाव्या लागतील, आणि त्यासाठी डागाच्या खालच्या ओळीतही असाच एक दोरा आधी ओवून ठेव. मग वर काहीही सुटलं तरी त्या दोऱ्याच्या खाली जाणार नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं सैल गाठीनं बांध. झालं. शाल उशीच्या सुती अभ्र्यात घालून ठेव.

आता तुझ्या लाजेकडे येते.

तू पाच वस्तूंना मिळून एकच नाव दिलंयस, 'अर्धवट', आणि त्या गठ्ठ्याकडे बघून दर वर्षी घाबरतेस. पण तुझंच पत्र नीट वाचलं तर पाचही वेगवेगळ्या कारणांनी अडल्यात. मफलर रंगानं अडवला. मोजा कंटाळ्यानं. स्वेटर भाच्यानं, म्हणजे पोरगं तुझ्या सुयांपेक्षा भराभर वाढलं. चौकोन हिशेबानं. आणि शाल का अडली ते तुला मी सांगायला नको. तापाला, मुरगळलेल्या पायाला आणि दुखऱ्या दाताला एकच गोळी दिलीस तर काय होणार? तेच तुझ्या संकल्पाचं होतंय.

दुसरं, तुझं वर्ष चुकतंय. १ जानेवारी हा लोकरीचा मुहूर्त आहे, कबूल, पण पुढे किती दिवस मिळतात ते बघ. आपल्याकडे खरी थंडी मोहोर फुटतो त्या सुमाराची, पहाटे अंगणात दव आणि बागेत फवारणीला निघालेल्या माणसांच्या डोक्यावर माकडटोप्या. शिमगा आला, पालखी घरोघर फिरायला लागली, की उकडायला लागतं. मग घामेजल्या हातांना लोकर चिकटते, टाका सरकत नाही, आणि तू म्हणतेस 'माझ्यातच चिकाटी नाही'. चिकाटीचा काही संबंध नाही, हवेचा आहे. मे महिन्यात तर विणकामाचं नाव काढू नकोस. आंबा उतरतोय, साठं वाळत पडलीत, आमसुलं करायचीत, त्यात तुझी खानावळ. जून-जुलै मात्र तुझा आहे. तुझ्या शेजारच्या कोळीवाड्यात बघ ना: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, आणि माणसं पडवीत बसून जाळ्यांची भोकं बुजवतायत. जाळं ऑक्टोबरात फाटलं म्हणून ऑक्टोबरात रडत बसत नाहीत. कामापुरतं सांधून पाण्यात घालतात आणि मोठी दुरुस्ती पावसावर टाकतात.

तसं तूही कर. शिमग्यापर्यंत दोनच वस्तू, मफलर आणि टोपी. दोन्ही मनालीला जायच्या. ट्रंकेतल्या बाकी चौघांना तारीख देऊ नकोस.

मफलर नवा घालायचाच नाही, ट्रंकेतला हिरवाच घे. तीन फूट म्हणजे ९० सेंमी झालाय. मोठ्या माणसाला १५० तरी लागतो. म्हणजे ६० राहिला, आणि मध्ये आडवा आलाय तो रंग. दोष तुझ्या डोळ्यांचा नाही. लोकर घाण्याघाण्यानं रंगवतात, गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी त्या घाण्याचा नंबर असतो. रंगाचा नंबर तोच असला तरी घाणा बदलला की छटा हलते, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाही आणि घरी पडवीत उन्हात आणलं की डोळ्यांत खुपतं. पट्टी जपून ठेवायची आणि लागेल त्याहून एक गुंडा जास्त घ्यायचा, हे मीही चार वेळा फसल्यावर शिकले. ज्या दुकानात फसले तिथला माणूस म्हणाला होता, "वहिनी, धुतलं की सारखं होईल." झालं नाही हो.

आता उपाय. नवा हिरवा एकाच टोकाला लावलास तर चूक वाटेल. दोन्ही टोकांना लाव, कुणाला शंकासुद्धा येणार नाही. एकीकडे तुझे टाके सुईवर आहेतच, तिथे नव्या लोकरीनं ३० सेंमी विणून टाके बंद कर. मग मफलर उलटा फिरव, जिथे तू टाके घातले होतेस त्या कडेवरून तितकेच टाके उचल आणि तिकडेही ३० सेंमी वीण. मध्ये एक रंग, दोन्ही टोकांना जरा गडद. रंगबदलाच्या जागी दोन ओळी तिसऱ्याच रंगाच्या टाकल्यास, पांढऱ्या म्हण, तर मुद्दाम केलंय असंच वाटेल. रोज तासभर बसलीस तर आठवड्यात उरकेल. सुरू करण्याआधी चार ओळी विणून जुन्या भागाशेजारी धरून बघ. मध्ये वर्षं गेलीत, आपला हात बदललेला असतो. १० सेंमीत पूर्वी २० टाके बसत आणि आता १८ बसतायत, तर सुई एक नंबर बारीक घे.

आणि नंबरावरून आठवलं. हल्ली तुम्ही मुली फोनवर बघून विणता, तर हे पाठ करून ठेव. आपल्याकडे दुकानात मिळतात त्या सुयांना जुने इंग्रजी नंबर: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेतल्या बाया व्हिडिओत '८ नंबर' म्हणतात ती ५ मिलिमीटरची, आणि त्यांचा नंबर वाढला की सुई जाड. माझ्या सुनेनं हे न कळून बाळासाठी टोपी घातली. टोपी इतकी घट्ट झाली की शेवटी ती देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाकडे गेली, तिथे जरा मोठीच होते. तेव्हा नंबर सोड, मिलिमीटर विचार.

टोपी: ४ मिलिमीटरची सुई, स्वेटरची नेहमीची मध्यम लोकर, १०२ टाके. दोन सुलट, दोन उलट, शेवट दोन सुलटांवर. परतीच्या ओळीत दोन उलटांनी सुरुवात. या विणीला ताण असतो, मुलीचं डोकं मोजायला तिच्या घरी जायला नको. १६ सेंमी सरळ विणत जा, मग टाके घटवायला लाग, साधारण २१-२२ सेंमीला शेवटचे टाके दोऱ्यात ओवून आवळ. कड दुमडून कानावर यावी असं तिला हवं असेल तर सरळ भाग ६-७ सेंमी वाढव. मनालीला फेब्रुवारीत बर्फ असतो, दुमडच दे. डोक्यावर गोंडा लावायचा का, ते तिला विचार, आपल्या हौसेनं लावू नकोस. एकोणीस-वीसच्या पोरींना गोंडा एक तर फार आवडतो, नाही तर अजिबात चालत नाही.

'कोकणात लोकर घालतं कोण' याचं उत्तर यजमानांना असं दे: जानेवारीत दापोलीहून रातराणीनं मुंबईला जाऊन दाखवा, खिडकीच्या सीटवर, ती न लागणारी काच शेजारी घेऊन. त्यांच्यासाठी एक कानपट्टी कर. २० टाके, सगळ्या ओळी सुलट, ४८-५० सेंमी झाली की दोन टोकं जोड. ५० ग्रॅमचा गुंडासुद्धा पुरा लागत नाही. जोडाच्या जागी करवंटीचं बटण लावलंस तर देखणी दिसते. पण हे शिमग्यापर्यंतच्या दोनांत धरायचं नाही, खानावळीत भात शिजेपर्यंत जमलं तर जमलं.

आता मोजा. माझ्याकडेही एक आहे. १९९८ साली कोकण रेल्वे सगळी सुरू झाली, त्या वर्षी आम्ही चिपळूणहून मडगावला गेलो. हौसेनं सुया बरोबर घेतल्या होत्या. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पहिल्यांदाच बघत होते, खिडकीतल्या काळोखात डोळे लावून बसले आणि हात आपले चालूच. बाहेर आल्यावर बघते तर टाचेत एक टाका सुटून पाच ओळी खाली गेलेला. क्रोशानं वर ओढून घेतला, मडगाव यायच्या आत मोजा पुरा केला. दुसरा आजतागायत नाही. तो एकटा मोजा माझ्या कोयत्याच्या मुठीवर चढवलाय, नारळ सोलताना हात घसरत नाही. तेव्हा तुझ्या मोज्याबद्दल माझ्याकडून संकल्पाची अपेक्षा करू नकोस. यजमानांना मोजे खरंच हवे असतील तर पहिल्याच्या ओळी मोजून कागदावर लिही, घोट्यापर्यंत किती, टाचेला किती टाके, आणि तो कागद मोज्यातच खुपसून ठेव. दुसरा मोजा राहतो तो आळसानं कमी आणि 'मागच्या वेळी कसं केलं होतं' हे विसरल्यामुळे जास्त. नको असतील तर तुझ्याकडेही कोयता असेलच.

भाच्याचा स्वेटर उसव. कुणाच्या तरी घरात बाळ होईल म्हणून ठेवू नकोस. बाळं होतात, पण ऐन वेळी आपण नवीनच विणायला घेतो, हे तुलाही ठाऊक आहे. उसवणं म्हणजे काही अशुभ नव्हे. आमच्या आईच्या वेळी एका लोकरीचे तीन जन्म व्हायचे, वडिलांचा स्वेटर, मग भावाचा, मग टोप्या.

उसवताना बंद केलेल्या कडेकडून सुरुवात कर. टाके घातले त्या बाजूनं उसवायला गेलीस तर दोरा दर टाक्याला अडतो आणि कात्री घ्यावीशी वाटते. निघालेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची होते. तिचा लगेच गुंडा करू नकोस. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड कर, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैल बांध, कोमट पाण्यात अर्धा तास बुडव, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि सावलीत दोरीवर टांग. आत्ताच्या वाऱ्यात दीड दिवसात वाळते. हेच जुलैत केलंस तर आठ दिवस ओली राहील आणि वास मारेल. म्हणून धुण्याचं काम जानेवारीत आणि शिवणाचं पावसात, एवढा एक नियम मी पाळते.

त्याआधी लोकर आहे की अॅक्रिलिक ते बघ. आपण दोघांनाही लोकरच म्हणतो, दुकानदारही म्हणतात. वीतभर दोऱ्याचं टोक चिमट्यात धरून मोरीत काडी लाव. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, तर खरी लोकर. वितळून काळा टणक मणी झाला, तर अॅक्रिलिक. मणी गार होईपर्यंत हात लावू नकोस, चटका बसतो. अॅक्रिलिकला कसर सहसा लागत नाही, पण गरम इस्त्री लागली की ते लुळं पडतं आणि परत उभं राहत नाही. खऱ्या लोकरीला कसर लागतेच. ती ट्रंकेच्या तळाला ठेवून विसरायची नाही. आत्ता दोन दिवस उन्हात उलटसुलट कर, झटक, मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. डांबर गोळ्या घालायच्याच तर बाळाच्या कपड्यांपासून लांब. त्यातल्या नॅप्थॅलिननं काही तान्ह्या बाळांचं रक्त बिघडतं, कावीळ वाढते. टोपडी-झबली गोळ्यांत ठेवून बारशाला तशीच चढवायची आपली जुनी सवय सोडायला हवी.

चौकोनांना वेळ लागणार नाही. तुझ्याकडे ३१ आहेत. ३० घे, पाच गुणिले सहा. एक चौकोन १० सेंमीचा धरला तर ५० बाय ६० सेंमीचा रुमाल झाला, टीपॉयवर घाल नाही तर देव्हाऱ्यापुढे. भोवती एक ओळ साखळी आणि खांबांची. ४८ हा आकडा कुठल्या तरी टेबलाचा होता ना? ते टेबल आता खानावळीत असेल आणि त्यावर प्लॅस्टिक असेल, मला ठाऊक आहे. रश्श्याचे डाग क्रोशाच्या सुतातून कोण काढत बसणार! उरलेला एक चौकोन पाण्याच्या तांब्याखाली. जोडायचं काम जूनसाठी ठेव, दिवे गेले तरी हातानं चाचपत होतं.

आता शालीबद्दल, सुया निघाल्यात असं धरून.

तुला वाटतंय की पुरी करायची तर त्यांच्यासारखीच झाली पाहिजे, आणि तशी होणार नाही म्हणून तू हातच लावत नाहीस. तशी होणार नाही, हे खरंच आहे. पण का होणार नाही ते एकदा जवळून बघ. सकाळच्या उजेडात शाल मांडीवर घे आणि शेवटच्या ओळीतला एक टाका निरख. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक मागे. शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलं तसं विणलं तर टाक्याचा उजवा पाय पुढे येतो. पण कितीतरी जुन्या बायका उलट टाका घेताना दोरा सुईच्या वरून न घेता खालून घेतात. हात कमी हलतो, वेग वाढतो, वीणही घट्ट येते. त्यांच्या टाक्याचा डावा पाय पुढे असतो. सासूबाई तशा विणत असतील आणि तू तुझ्या सवयीनं पुढून सुई घातलीस, तर तुझी पहिलीच ओळ पिळलेली येईल आणि तुला वाटेल शाल तुला नको म्हणतेय. शाल काही म्हणत नाही. त्या टाक्यात मागच्या पायातून सुई घाल, पीळ निघून जाईल. टाके दोऱ्यावरून सुईवर परत घेतानाही हा पाय बघूनच घे.

घट्टपणाचं म्हणशील तर सुई एक नंबर बारीक घेऊन जवळपास जाता येईल. पण माझं मत विचारशील तर जाऊ नये. माझ्या आईची एक गोधडी आहे, तिचे अर्धे टाके आईचे आणि अर्धे मावशीचे. आईचे तांदळाएवढे, मावशीचे घाईचे, बोटाच्या पेराएवढे. आम्ही भावंडं लहानपणी पांघरुणात पडल्या पडल्या बोटानं शोधायचो आई कुठे संपते. मावशीनं आईसारखे टाके घालायचा आटापिटा केला असता तर ती गोधडी कुठल्याही दुकानातल्यासारखी झाली असती.

म्हणून तुला करायचंच असेल तर असं कर. त्यांच्या शेवटच्या ओळीवर एक ओळ वेगळ्या रंगाची टाक, त्यांच्या एखाद्या साडीच्या काठाचा रंग मिळाला तर तो. त्याच्या पुढे तुझ्या सैल हातानं, तुझी नेहमीची वीण. किंवा दुसरं: जिथे त्या थांबल्या तिथेच टाके बंद कर. दीड हात म्हणजे पाऊण मीटरच्या आत-बाहेर. शाल नाही झाली तर मांडीवर घ्यायला, आरामखुर्चीच्या पाठीवर टाकायला होते. माझं मन पहिल्याकडे ओढतं, पण सासू तुझी होती. यंदा काहीच करायचं नसेल तर अभ्र्यात राहू दे, सुया निघाल्यात म्हणजे तिला काही होत नाही.

नव्या लोकरीचं राहिलं. 'जुनं पुरं होईपर्यंत नवीन नाही' ही शपथ घेऊ नकोस. ती मीही घेतली होती, तिचा परिणाम एवढाच झाला की जुनंही विणलं नाही आणि नवंही नाही, आणि एक अख्खी थंडी मालिका बघण्यात गेली. टोपीला लोकर लागेल ती आण, एकाच घाण्याची, एक गुंडा जास्त. मार्चनंतर हात शिवशिवले तर सुताचे दोन गुंडे घे आणि बाजाराची जाळीची पिशवी कर. सूत घामाला त्रास देत नाही, फक्त ते लोकरीसारखं ताणून परत येत नाही, वजनानं लोंबतं. पिशवीचे बंद आखूडच घाल, दोन नारळ पडले की वीतभर लांब होतात.

सुया काढल्यास की टाके मोजून कागदावर लिहून शालीला टाचून ठेव, आणि तो पाय उजवा निघाला की डावा, ते मला कळव. माझी पैज डाव्यावर आहे.

– माई